तिकडच्या चाकूंची पेटी

प्रिय टकटक्या,

या नावानं तुला हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, या विचारात पहिला कागद वाया गेला. दुसऱ्यावर तुझं खरं नाव लिहिलं, तर ते बँकेला केलेल्या अर्जासारखं दिसायला लागलं. म्हणून हा तिसरा, आणि हा मी फाडणार नाही. मेसेज करता आला असता. पण तू "ठीक" किंवा "बघू" असं काहीतरी उत्तर पाठवलं असतंस, आणि तो एक शब्द मी आठवडाभर उलटासुलटा करत बसले असते. पत्राचं बरं असतं, तू ते वाचलंस की नाही हे मला कळणारच नाही. सरळ सांगते, हे पत्र तुझ्या पेटीबद्दल आहे. मागच्या खोलीतल्या कपाटात नऊ वर्षं पडून असलेल्या, तुझी सही असलेल्या पेटीबद्दल. ती मी उघडली. आता हे वाचून तू चिडला असशील, तर चिडून घे, पण पत्र खाली ठेवू नकोस. आपण दोघं एकमेकांचे कुणी उरलो आहोत का, हे बहुधा या पत्रावरच ठरणार आहे, आणि मला तिथवर यायला थोडं फिरून यावं लागणार आहे. फारच घाई असेल तर शेवटचं पान आधी वाच. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू तेच करायचास.

दुकान आहे तसंच आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. शेजारी मोबाइलची कव्हरं विकणारा आला आहे. त्याचे रंगीत दिवे दिवसभर लुकलुकतात, आणि त्यांचा उजेड आपल्या काचेवर पडून पाती कधी हिरवी, कधी जांभळी दिसतात. गिऱ्हाईक येतं, नाही असं नाही. परवा एकानं पाऊण तास बसून माझ्याकडून सगळी माहिती घेतली, कुठलं पोलाद गंजतं, कुठलं नाही, कुठल्या पात्याला धार पटकन लागते. मग मोबाइलवर फोटो काढून म्हणाला, "थँक यू मॅडम, आता ऑनलाइन मागवतो." इतक्या निरागसपणे म्हणाला की मी त्याला दोन रंगांपैकी कुठला घ्यावा तेही सांगून टाकलं. दुपारी डबा मी काउंटरमागेच खाते. बाबांची खुर्ची अजून तिथेच आहे, तिच्यावर मी माझी पिशवी ठेवते. रिकामी बघवत नाही, आणि बसवतही नाही.

काचेखाली अजून तिकडचे चाकू आणि खालच्या लाकडी खणांत इकडचे, ही बाबांची रचना मी मोडलेली नाही. तुझ्या मुलीला हे कधी सांगितलंस तर तिला हसू येईल, की आपल्या घरात जगातल्या सगळ्या चाकूंच्या दोनच जाती होत्या. तिकडचे म्हणजे जहाजातून, मग विमानातून आलेले, छापील कागदात गुंडाळलेले, पात्याच्या बुडाशी परक्या लिपीतला ठसा असलेले. इकडचे म्हणजे रेल्वे फाटकापलीकडे ठोकेमामांच्या कारखान्यात, म्हणजे खरं तर एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये, तीन माणसांनी ठोकून केलेले. गिऱ्हाईक आत आल्या आल्या विचारायचं, "बाहेरचा आहे ना?" बाबा म्हणायचे, "बघायला बाहेरचा आहे, कापायला इथला आहे. काय करायचंय ते सांगा." बहुतेक लोक बाहेरचा बघायचे आणि इथला घेऊन जायचे. घेतलेला चाकू बाबा डबीत घालायचे, आणि डबीच्या बुडाशी, कागदाखाली, गुपचूप काहीतरी ठेवायचे. चामड्याचा एवढासा तुकडा, नाहीतर तेलाची बोटभर बाटली. आणि गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत. "घरी गेल्यावर सापडू दे. दुकानात हातात दिलेलं माणूस विसरतं, घरी सापडलेलं विसरत नाही." ही त्यांची सवय तुलाही माहीत होती आणि मलाही. कितीतरी डब्यांच्या बुडाशी आपणच ते तुकडे ठेवले आहेत. एवढं लक्षात ठेवून पुढे वाच.

तुझं नावही तिथलंच, काउंटरमागचं. तू जेमतेम चार वर्षांचा होतास. कुठलाही घडीचा चाकू हाती लागला की उघडायचास, मिटायचास, कानाशी धरायचास. टक. टक. "अरे टकटक्या, स्प्रिंगची कमान मोडशील त्याची!" म्हणून बाबा ओरडायचे. पण मी शपथेवर सांगते, त्यांना ते आवडायचं. मी इतकी वर्षं त्या दुकानात शांत बसून पुस्तक वाचत असायचे, मला कधी नाव पडलं नाही. रविवारी दुपारी आपण दोघं धार लावायला बसायचो, आठवतं? चामड्याच्या लांब पट्ट्याचं एक टोक तू दोन्ही हातांनी धरायचास, दुसरं माझ्या डाव्या हातात, आणि उजव्या हातानं मी पातं ओढायची. पट्टा ताठ हवा, पण फार ताठ नको, हे बाबांनी शिकवलं होतं. पातं जवळ आलं की समोरच्यानं जरा सैल करायचं, लांब गेलं की ओढून धरायचं. तू मधेच रस्त्यावर बघत बसायचास, पट्टा ढिला पडायचा आणि चामड्याला काप जायचा. ते काप अजून आहेत. सात आहेत. सगळे तुझ्या बाजूचे.

आता एक बातमी, जी ऐकून तुला गंमत वाटेल किंवा राग येईल. गेली पाच-सहा वर्षं जुन्या चाकूंचे शौकीन दुकानात यायला लागलेत, आणि ते काचेकडे बघतसुद्धा नाहीत. "खालचे खण दाखवा," म्हणतात. त्यांना ठोकेमामांचे चाकू हवे असतात. मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. मग हळूहळू कळलं. इकडचे चाकू लोकांनी वापरले. दोऱ्या कापल्या, फळं कापली, मुलांच्या पेन्सिली तासल्या, आणि धार लावून लावून पातं काडीएवढं झालं तेव्हा फेकून दिले. तिकडचे मात्र कपाटात जपून ठेवले, पाहुण्यांना दाखवण्यापुरते काढले. म्हणून आता तिकडचे घराघरांतून निघतात, कोरे करकरीत, कागदासकट. आणि ठोकेमामांचा एखादा न वापरलेला, ठसा शाबूत असलेला चाकू दिवा लावून शोधला तरी मिळत नाही. तसे माझ्या पेटीत आहेत. एकोणीस आहेत. बाबांनी मामांच्या प्रत्येक खेपेतला एक बाजूला ठेवला होता, ते सगळे. वाटणीबद्दल बाबांनी जाण्याआधी एवढंच सांगितलं होतं ना, की तिकडचे टकटक्याला आणि इकडचे ताईला? तुला वाटलं तुला भारी वाटा मिळाला. मलाही तेच वाटलं होतं, तुला कधी बोलून दाखवलं नाही इतकंच. मनात म्हटलं होतं, दाखवायचे त्याला दिले आणि विकायचे मला. ते वाक्य मी रोजनिशीतसुद्धा लिहिलं नव्हतं. आज इथे लिहिते आहे.

ठोकेमामा मागच्या वर्षी येऊन गेले. कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, तरी अंगठ्याचं नख तसंच काळं आहे. म्हणाले, "पोरी, माझा एक चाकू बघायला मिळेल का? माझ्याकडे एकही उरला नाही बघ." मी पेटी काढून पुढे ठेवली. त्यांनी एक उचलला, उघडला, मिटला, कान देऊन ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "ही कमान घाईत बसवलीय. त्या दिवशी काय होतं कोण जाणे." मी म्हटलं, मामा, यातला हवा तो घेऊन जा. तर त्यांनी खिशातून स्वतःचा चाकू काढून दाखवला, तिकडचा, लाल मुठीचा, दहा-बारा हत्यारं असलेला. "जावयानं आणलाय. वापरावा लागतो. मुलगी दर वेळी विचारते, बाबा, वापरता ना?" आम्ही दोघं इतके हसलो की शेजारचा कव्हरवाला डोकावून गेला. त्या दिवशी दुकान बंद करताना लक्षात आलं, मी आवाज करून हसले त्याला किती महिने झाले असतील. घरी जाऊन रोजनिशीत मागची पानं चाळली. सापडलं नाही.

माझी पेटी मी दर महिन्याला काढते. एकेक चाकू पुसते, सांध्यात तेलाचा थेंब टाकते, उघडून हवा लागू देते. शेजारी तुझी पेटी असायची. तिच्यावरची धूळ मी फडक्यानं झटकायची, तीही वरूनच. तिला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. कसं ठरलं ते तुला सांगायची गरज नाही, पण आपण दोघांनी ते वेगवेगळं लक्षात ठेवलं असण्याची शक्यता आहे, म्हणून मी माझ्या रोजनिशीत आहे तसं लिहिते. बाबांना जाऊन सहा दिवस झाले होते. मागच्या खोलीत तू पेटी उघडून चाकू मोजलेस, तेवीस भरले. चोवीस हवे होते. कासव नव्हतं. कासव म्हणजे बाबांचा सगळ्यात लाडका चाकू, पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांच्या चकचकीत मुठीचा. तरुणपणी बाबांनी तो एका जहाजावरच्या माणसाकडून घेतला होता. काउंटरवर मखमलीच्या उशीवर असायचा, आणि कुणी कितीही मागितला तरी "तो विकायचा नाही, तो दुकानात राहतो" असं उत्तर मिळायचं. तू म्हणालास, "ताई, कासव कुठंय?" मी म्हटलं, मला माहीत नाही, दोन-तीन महिन्यांत उशीवर पाहिलेलं नाही. तू म्हणालास, "तू दुकानात राहिलीस म्हणून सगळं तुझं झालं असं नाही." मग म्हणालास, "लिही ना त्या तुझ्या वहीत, कासव कुठे गेलं ते." बाबांच्या आजारपणात तू शेवटचे दोनच दिवस आला होतास, हे मी त्यावर म्हणाले. ते मी म्हणायला नको होतं. ते खरं होतं, पण मी ते खरं आहे म्हणून म्हटलं नव्हतं.

मग मी जे केलं ते तुला आठवत असेलच. तुझ्यादेखत पेटीला जाड कापड गुंडाळलं, सुईदोऱ्यानं शिवलं, आणि शिवणीवर आडवी तुझी सही घेतली. म्हटलं, तू स्वतः येऊन उघडेपर्यंत मी हिला हात लावणार नाही. तू "नको हे नाटक" म्हणालास, पण सही केलीस. वाटलं होतं, चार महिन्यांत येशील, पेटी घेऊन जाशील, जाताना काहीतरी बोलशील. तू आता पुरता तिकडचा झालास. वर्षातून दोन मेसेज येतात, भाचीचा फोटो येतो. ती माझ्यासारखी डावीकडे मान कलती करून उभी राहते, हे तुझ्या लक्षात आलंय का?

आता एका दातांच्या डॉक्टरांबद्दल. निवृत्त आहेत, इकडच्या चाकूंचा त्यांना भारी शौक. माझ्या एकोणिसातले दोन तरी द्या म्हणून तीन वर्षं मागे लागलेत. मी नको म्हटलं की म्हणतात, "बाई, माझ्या खुर्चीत बसून लोक इतका वेळ तोंड मिटून राहिले नाहीत, जितका वेळ तुम्ही राहता." गेल्या महिन्यात मी त्यांना चाकू दाखवायला कपाट उघडलं, तर ते मागे सरकले. "हा वास कसला?" मी म्हटलं, जुनं लाकूड असेल. ते वाकून एकेक फळी हुंगत गेले आणि तुझ्या पेटीपाशी थांबले. "कापरासारखा, पण आंबट. हा वास मी ओळखतो. फार जुन्या काळी कवळ्या या पदार्थाच्या करायचे, आमच्या कॉलेजात एक कपाट भरून होत्या. सेल्युलॉइड म्हणतात. आत कुठल्या मुठीचे चाकू आहेत?" मी सांगितलं, हाडाच्या, शिंगाच्या, धातूच्या. एक कासवाच्या पाठीचा होता, तो हरवला. ते माझ्याकडे बघतच राहिले. "कासवाच्या पाठीचा, की कासवाच्या पाठीसारखा?" मग त्यांनी समजावून सांगितलं. तिकडून येणाऱ्या ठिपक्याठिपक्यांच्या मुठी बऱ्याच वेळा सेल्युलॉइडच्या असायच्या. नवीन असताना खऱ्याहून सुंदर दिसतात. पण जुन्या झाल्या की त्यांतून एक वाफ सुटते. उघड्यावर ठेवलं तर ती उडून जाते. बंद पेटीत ठेवलं तर शेजारचं पोलाद खाते. त्यांनी स्वतः असे सोळा चाकू घालवले होते. "आजच्या आज उघडा," म्हणाले. मी म्हटलं, उघडता येत नाही, शब्द दिलाय. त्यावर ते म्हणाले, "बाई, शब्द भावाला दिलाय की गंजाला?"

तरी मी अकरा दिवस घालवले. "पेटीतून वास येतोय, उघडू का?" असा मेसेज तुला चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. रोज दुकानात येऊन आधी कपाट उघडून वास घ्यायची, जशी काही आजारी माणसाच्या कपाळाला हात लावते आहे. आणि मग एका दुपारी मला जुनी रोजनिशी चाळावीशी वाटली, आणि त्यात हे सापडलं. दोन वर्षांपूर्वीचं, माझ्याच अक्षरात: "कपाटात आंबट वास. बहुतेक टकटक्याच्या पेटीतून. माझं काम नाही." एवढंच. खाली दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीबद्दल पान भरून लिहिलं आहे. टकटक्या, मला वास आला होता. तो आलाच नव्हता असंही मला म्हणता येत नाही, कारण मी तो लिहून ठेवला होता. मी शब्दाला जागले असं मला इतकी वर्षं वाटायचं. ते वाक्य वाचल्यावर कळलं की मी शब्दामागे लपून बसले होते. तुझं काही बिघडत असेल तर बिघडू दे, आणि बोट मात्र माझ्याकडे दाखवता येऊ नये, अशी मी व्यवस्था करून ठेवली होती.

रविवारी दुपारी डॉक्टरांना साक्षीदार म्हणून बोलावलं. हो, तेव्हाही मला साक्षीदार हवा होता. पेटी टेबलावर ठेवली, चारी बाजूंनी फोटो काढले, तुझ्या सहीचा जवळून काढला. मग शिवण उसवायला मी समोरच्या माझ्या पेटीतला एक चाकू उचलला. डॉक्टर ओरडलेच, "अहो, तो नको! तो कोरा आहे! कात्री घ्या, ब्लेड घ्या, माझे दात घ्या!" पण तोवर मी ओढला होता. मामांनी घाईत कमान बसवलेला तो चाकू. एका फटक्यात दोरे कापले, आणि तुझ्या नावाचे मधोमध दोन भाग झाले. झाकण उघडलं तसा वास अंगावर आला. तेवीसच्या तेवीस. काहींची पाती तपकिरी झाली होती, काहींवर खड्डे पडले होते, आतलं पितळ हिरवं होऊन बाहेर ओघळल्यासारखं दिसत होतं. कडेचे जरा बरे होते. मधल्या रांगेतल्या दोन चाकूंची पाती मुठीतून निघालीच नाहीत. डॉक्टरांनी मधले चाकू उचलून खालच्या मखमलीवर बोट फिरवलं. तिथे फुगवटा होता. आणि एका बाजूची शिवण बाकीच्यांपेक्षा वेगळी होती, मोठ्या, थरथरत्या टाक्यांची. मी ती सोडवली. आत दुकानाचा निळा कागद होता, आणि कागदात कासव.

मूठ भुगा झाली होती. ठिपके अजून ओळखू येत होते. मखमलीच्या खालच्या बाजूला त्याच्या आकाराचा डाग पडला होता, इतका रेखीव की त्यावरून नवा चाकू करता आला असता. मी ते हातात घेऊन उभी राहिले आणि हसले. मोठ्यानं हसले. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, बाबांच्याच खुर्चीत, पिशवी खाली ठेवून. पाणी दिलं. "होतं असं. धक्का बसला की माणूस हसतं. मी पाहिलंय." मी त्यांना तसंच समजू दिलं.

बाबांनी ते कधी शिवलं असेल, याचा मी आता रोज हिशेब लावते. शेवटच्या तीन महिन्यांत मी औषधं आणायला जायचे, तेव्हाच. हात थरथरत असताना, सुईत दोरा ओवायला कुणालाही न बोलावता. तू पेटी घरी नेशील, एकेक चाकू काढून मुलीला दाखवशील, आणि बुडाशी हाताला काहीतरी लागेल, असा त्यांचा बेत होता. दुकानात राहतो म्हणून सांगितलेला चाकू त्यांनी तुझ्याबरोबर बाहेर पाठवला होता. आणि आपण दोघं, त्यांच्या हाताखाली हजारो डब्यांच्या बुडाशी चामड्याचे तुकडे ठेवलेले, त्या पेटीवर वाकून भांडत राहिलो. एकानंही मखमल चाचपून पाहिली नाही.

तेवीसमधला एक मी साफ केला आहे. डॉक्टर म्हणाले, घासलात तर शौकिनांच्या लेखी काही उरणार नाही. मी म्हटलं, तसंही काय उरलंय. तो काळ्या शिंगाच्या मुठीचा, तू सगळ्यात जास्त उघडमीट करायचास तो. पात्यावर खड्डे राहिले आहेत, ते जाणार नाहीत. पण दोन दिवस तेलात ठेवल्यावर उघडला, आणि मिटताना टक झालं. माझ्या एकोणिसांपैकी सही कापलेला तो आता मी दुपारी फळं कापायला वापरते. चांगला कापतो. मामांना सांगितलं, तर म्हणाले, "मग? तो कशासाठी केला होता?"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझी बाजू खरी ठरल्याचा पुरावा मला मिळाला आहे. फोटो आहेत, डॉक्टर आहेत, आणि ते कासव मी मागाहून ठेवलं असं तू म्हणालास, तर तो गंज आणि तो डाग आहे. ते एका महिन्यात तयार होत नाहीत. पण हे पत्र त्यासाठी नाही. मी का हसले ते सांगण्यासाठी आहे. मला धक्का बसला नव्हता. मला आनंद झाला होता. बाबांनी आयुष्यभर जमवलेलं, तुझ्या वाट्याचं, डोळ्यांसमोर खाऊन टाकलेलं दिसत असताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बघ, मी घेतलं नव्हतं. एक मिनिटभर असेल. त्या मिनिटाची मी तुझ्याकडे क्षमा मागते आहे, आणि त्या दोन वर्षांपूर्वीच्या तीन शब्दांची. शब्द मोडला त्याची नाही. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, कारण कासव कोण, टकटक्या कोण, हे आता तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. कासव मी खिडकीत उघड्या हवेवर ठेवलं आहे, ते तुझं आहे. उरलेले बावीस तेलात आहेत, त्यांना धार लावायची आहे. पट्ट्याचं दुसरं टोक मी इतकी वर्षं खिडकीच्या गजाला बांधते. गज पट्टा सोडत नाही, पण पातं जवळ आलं की सैल करायचं, हे त्याला कळत नाही. तू ये. भाचीला घेऊन ये, तिला आवाज ऐकू दे. रस्त्याकडे बघत ढिला धरलास तरी मी काही बोलणार नाही. सात काप आहेत, आठवा पडला तर पडू दे.

तुझीच,
दुकानात राहिलेली ताई